बाभळीची खुंटी

सुदाम भगत गेल्या पौषात, एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, केळापूर तालुक्यातल्या एका जिनिंग कारखान्यात जमिनीखालच्या बोगद्यात शाफ्टमध्ये सापडून वारला. वय छत्तीस. मागे पत्नी पार्वती आणि दोन मुली आहेत. मला यवतमाळला, आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, ही बातमी दुपारी दोन वाजता मिळाली. ती सांगायला कोणी आलं नव्हतं. तालुक्याच्या वार्ताहराने फोनवरून दिलेल्या मजकुरात ती चौथ्या क्रमांकावर होती आणि ज्याने ती उतरवून घेतली त्याला सुदाम माझा कोण हे ठाऊक नव्हतं. कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा शीर्षक देऊन झालं होतं. चार ओळी होत्या. शेवटच्या ओळीत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द होता.

त्या शब्दाबद्दल पुढे लिहायचं आहे. आधी सुदामबद्दल.

आम्ही एका वस्तीतले, एका शाळेतले. सातवीनंतर मी यवतमाळला शिकायला आलो, तो गावातच राहिला. छप्पन्न साली दोघांच्या घरांनी दीक्षा घेतली आणि त्याच्या पुढच्या हंगामात त्याला जिनिंगच्या इंजिनघरात तेल घालण्याचं काम मिळालं. तोवर आमच्या वस्तीतले लोक कारखान्यात गाठी वाहत आणि सरकी पोत्यात भरत. इंजिनघराच्या उंबऱ्याच्या आत गेलेला तो पहिला. इंजिनघर आणि रेच्यांचा हॉल यांच्यामध्ये भिंत आहे. हॉलमध्ये रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, दोन ओळींत उभी आहेत आणि प्रत्येकासमोर एक बाई हाताने कापूस घालते. सगळे रेचे पट्ट्यांनी फिरतात ते जमिनीखालच्या बोगद्यातल्या एका लांब शाफ्टवर. शाफ्ट फिरवणारं इंजिन भिंतीपलीकडे. इंजिनापाशी एक लोखंडी दांडा आहे. उजवीकडे ढकलला की शाफ्ट चालू, डावीकडे ओढला की बंद. दांड्यापाशी उभ्या माणसाला हॉल दिसत नाही. त्याला फक्त घंटी ऐकू येते. हॉलमधल्या कोपऱ्यातली दोरी ओढली की इंजिनघरातली घंटी वाजायची. एकदा वाजली तर चालू कर, दोनदा वाजली तर बंद कर. हा नियम कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचा होता. तो कोणी ठरवला हे आज कोणाला सांगता येत नाही.

पाच वर्षांत सुदाम तेलवाल्याचा दांडेवाला झाला. बासष्टच्या हंगामात, भर दुपारी, तो दांड्यापाशी असताना घंटी एकदा वाजली. शाफ्ट चालूच होता. चालू शाफ्टला एका घंटीचा काही अर्थ नव्हता. कधी कोणाची टोपली दोरीला अडकायची, घंटी वाजायची आणि लोक हसायचे. तो दुसऱ्या घंटीची वाट पाहत थांबला. नंतर घंटी सतत वाजू लागली. नियमात एक होती, दोन होत्या... सततची नव्हती. तो मोजत राहिला. चार, पाच, सहा. मग दांडा सोडून दारापर्यंत गेला, हॉलमध्ये पाहिलं आणि धावत परत येऊन दांडा ओढला. कमळाबाई नावाच्या बाईचा पदर पट्ट्यात गेला होता आणि पदराबरोबर उजवा हात. हात कोपराच्या वर कापावा लागला. घंटी वाजवली होती शेजारच्या रेच्यावरच्या सोनाबाईने. ती जवळच्या तांड्यावरची, कामावर येऊन तिला आठ दिवस झाले होते. नियम तिला पहिल्या दिवशी सांगितला होता. मॅनेजरांनी तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं.

ती बातमी मी लिहिली होती. मॅनेजरांनी फोनवर जे सांगितलं ते घेतलं आणि चार ओळी केल्या. ‘नवख्या कामगार महिलेच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द होते. आठवड्याने सुदाम अंक घडी करून घेऊन यवतमाळला आला. रागावलेला दिसत नव्हता. त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं.

“हे तुले कोनं सांगतलं?”

मी सांगितलं, मॅनेजरांनी.

“मले इचारलं काहून नाई? दांडा माह्या हातात होता ना बे.”

तो जेवला, माझ्या खोलीवरच झोपला आणि पहाटेच्या गाडीने परत गेला. पुढचे काही महिने तो कोणाशी फार बोलत नसे, असं पार्वतीवहिनी सांगतात. जेवता जेवता थांबायचा आणि बोटांवर मोजायचा.

सोनाबाईला नियम सांगितलेला असताना तिने एकदाच घंटी का वाजवली, हे त्याला कळलं ते बसमध्ये. पावसाळ्यात जिनिंग बंद असते. तो बहिणीकडे उमरखेडला निघाला होता. एसटी त्या भागातल्या लहान गावांना नुकतीच जाऊ लागली होती. आर्णीच्या अलीकडे एका म्हातारीचं गाव मागे पडत होतं आणि कंडक्टर पुढच्या बाकांवर तिकिटं फाडत होता. म्हातारीने गाठोडं काखेत धरलं, उभी राहिली आणि डोक्यावरची दोरी स्वतःच ओढली. एकदा. गाडी थांबली. ती उतरल्यावर कंडक्टरने दोनदा ओढली आणि गाडी निघाली. सुदाम आर्णीला उतरला. उमरखेडला गेलाच नाही. मिळेल त्या गाडीने यवतमाळला आला आणि माझ्या कचेरीच्या पायरीवर बसून त्याने मला हे सांगितलं. बसमध्ये एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. जिनिंगमध्ये एक म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. सोनाबाई रोज तांड्यावरून बसने येत होती. तिला नियम पाठ होता, पण ज्या क्षणी शेजारणीचा हात पट्ट्यात गेला त्या क्षणी तिच्या हाताने बसची घंटी वाजवली. बरोबर वाजवली होती.

मी म्हणालो, मग नियम उलटा करून घ्या, बससारखा. त्याने मान हलवली. “एक घंटी आन् दोन घंट्या, दोन्हीईत मोजाच लागते. भेलेल्या मानसाले मोजता येत नाई. मले तरी कुठं आलं?”

तो तांड्यावर गेला. सोनाबाईला म्हणाला, चूक तुझी नव्हती. तिने विचारलं, मग कोणाची होती, भिया? त्यावर तो पाणी पिऊन परत आला, एवढं तिने मला गेल्या महिन्यात सांगितलं.

त्या पावसाळ्यात त्याने जे केलं त्याला आमच्याकडे नाव नाही. यंत्राची दुरुस्ती म्हणावी तर यंत्र बिघडलेलं नव्हतं. मॅनेजरांचं म्हणणं होतं की बायांना नीट शिकवा, दंड लावा. सुदामने मोडीतला माल वापरायची परवानगी मागितली. खर्च नसल्यामुळे ती मिळाली. बंद हॉलमध्ये तो चार-पाच बायांना बोलवायचा, त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा, डोक्यावर रिकामी टोपली द्यायचा, चालायला लावायचा आणि मध्येच ओरडायचा, थांबव! हात ज्या जागी भिंतीवर आपटेल तिथे खडूने रेघ मारायची. बायांना मजा वाटायची. “सुदामभाऊ, डोये बांधून आमचं लगन लावून राह्यला का?” एक म्हणायची. दुसरी म्हणायची, “नवरदेव तं दाखव अगुदर.” तो हसायचा नाही, रेघा मारायचा. एका बाईकडून चार-चार वेळा करून घ्यायचा, उभं राहून, वाकून, जमिनीवर पडून. कमळाबाईलाही त्याने बोलावलं. तिला तोवर कारखान्याने कापसातला कचरा वेचण्याचं काम दिलं होतं. ती बसून वेचायची, आणि हात एकच, डावा. तिची रेघ सगळ्यांत खाली आली. मी एका रविवारी गेलो तेव्हा भिंत रेघांनी भरली होती आणि तो मध्यभागी उभा होता. मी विचारलं, आता सरासरी काढणार का? तो म्हणाला, “सरासरी कायले? तिचा हात पुरते तिथं सगळ्याईचा पुरते.”

दोरी कमळाबाईच्या रेघेवर बांधली गेली. आधी ती एका कोपऱ्यात लोंबत होती. आता हॉलच्या चारही भिंतींनी आणि रेच्यांच्या दोन ओळींमधून फिरली. कशीही, कितीही वेळा, कुठूनही ओढली तरी एकच व्हायचं. दोरीच्या टोकाला जुन्या चक्राचं वजन अडकवलं होतं, ते सुटायचं आणि दांडा आपोआप डावीकडे पडायचा. घंटीही वाजायची, पण ती वाजेपर्यंत शाफ्टचा जोर गेलेला असायचा. मोजणं संपलं. दांड्यापाशी उभ्या माणसाने ऐकणं, समजणं आणि ठरवणंही संपलं. त्याने मला ते सगळं फिरून दाखवलं आणि शेवटी दांड्यापाशी येऊन म्हणाला, “मधातून मलेच काढून टाकलं.” त्या आवाजात समाधान होतं की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही खात्रीने सांगता येत नाही.

थांबवणं सोपं झालं. चालू करणं त्याने मुद्दाम अवघड केलं. पट्टा सुटला की तो जोडायला कोणाला तरी बोगद्यात उतरावं लागतं. खाली माणूस आहे हे वरून दिसत नाही, इंजिनघरातूनही नाही. त्यासाठी त्याने खुंटी केली. बाभळीच्या लाकडाची, अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, एक टोक चौकोनी. दांडा डावीकडे पडला की खाचेत अडकायचा आणि ती खुंटी भोकात घातल्याशिवाय खाचेतून निघायचा नाही. खाली जाणाऱ्याने खुंटी काढून खिशात घालायची, वर आल्यावर परत ठेवायची. खुंटी जागेवर दिसली तर खाली कोणी नाही. दिसली नाही तर आहे. यात वाचायचं काही नव्हतं, आठवायचं काही नव्हतं, कोणाला विचारायचंही नव्हतं. तांड्यावरच्या बाया आपसात गोरबोली बोलत, पट्टे जोडणाऱ्यांतला एक जण कोलामी बोलायचा, मॅनेजर हिंदीत बोलत. खुंटी सगळ्यांना कळायची. सोनाबाई पुढच्या हंगामात कामावर परत आली. हंगाम संपला की सुदाम खुंटी घरी न्यायचा आणि दाराजवळच्या खिळ्याला सुतळीने टांगून ठेवायचा. मुलींना तिला हात लावायची परवानगी नव्हती.

चार हंगाम त्या हॉलमध्ये कोणाला इजा झाली नाही. त्याची बातमी झाली नाही. न झालेल्या गोष्टीची बातमी करता येत नाही, असं मी त्याला एकदा सांगितलं. त्याने ते मान्य केलं.

तक्रारी मात्र होत्या. टोपल्या दोरीला लागायच्या आणि दिवसातून दोन-तीन वेळा सगळे रेचे थांबायचे. त्याने दोरीपुढे फळ्या ठोकल्या, मग ते कमी झालं. खरी अडचण खुंटीची झाली. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस पट्टा जोडणारा माणूस वर आला आणि खुंटी खिशात तशीच ठेवून बाजाराला गेला. बाजार चार कोसांवर. तीन तास रेचे उभे राहिले. फाटकाबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग लागली, बैल सोडावे लागले. बाया हॉलमध्ये बसून राहिल्या आणि येणारा-जाणारा सुदामला टोमणा मारून जायचा, की तुझ्या एका लाकडासाठी कारखाना बसवून ठेवलास. नवीन मॅनेजर त्याच महिन्यात आले होते. त्यांनी सांगितलं, दुसरी खुंटी करून ठेव. सुदामने नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. संध्याकाळी बायांनीही सांगितलं. ज्यांच्या हातांच्या रेघा त्याने भिंतीवर मारल्या होत्या त्याच बाया होत्या. त्यातली एक म्हणाली, “करून टाक ना भाऊ. एकाच्या जागी दोन असल्या तं काय बिघडते?”

दिवाळीत तो सहकुटुंब यवतमाळला आला होता. ती आमची शेवटची भेट. कारखान्यात त्याला आता सगळे अडेलतट्टू म्हणतात, असं पार्वतीवहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दांड्यावरून काढून त्याला पट्टे जोडायच्या कामावर लावलं होतं, म्हणजे बोगद्यात. दांड्यावर रामभाऊ म्हणून एक वयस्क माणूस आणला होता. रामभाऊंना शिकवलं सुदामनेच. मी त्याला म्हटलं, एक खुंटी जास्त केल्याने खरोखर एवढं काय होणार आहे?

“दुसरी केली तं मंग ते लाकूडच राह्यलं,” तो म्हणाला.

मी पुढे काही विचारलं नाही. मुली फटाके मागत होत्या, विषय बदलला... त्याला मी आणखी बोलतं केलं असतं तर मी काही लिहिलं असतं का, हा प्रश्न आता निरर्थक आहे.

मंगळवारी काय घडलं ते जेवढं पडताळता आलं तेवढं असं. सकाळी दहाला तिसऱ्या रेच्याचा पट्टा सुटला. कमळाबाई जवळच बसली होती, तिने दोरी ओढली. दांडा पडला. सुदाम इंजिनघरात आला, खुंटी काढून खिशात घातली आणि बोगद्यात उतरला. तेव्हा रामभाऊ तिथे नव्हते, पाणी प्यायला गेले होते. दिवाळीनंतर मॅनेजरांनी गावातल्या सुताराकडून तशीच दुसरी खुंटी करवून घेतली होती आणि ती कचेरीतल्या टेबलाच्या खणात ठेवली होती. सुताराने तसं सांगितलं आहे. सुदामला हे माहीत होतं की नाही, याची खातरजमा झालेली नाही. त्या सकाळी ती खुंटी खणातून काढून दांड्याच्या भोकात कोणी घातली, याबद्दल तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. तिघेही म्हणतात की वाईट हेतू कोणाचा नव्हता. बंड्या खोळंबल्या होत्या आणि खुंटी जागेवर नाही हे पाहून कोणीतरी ती पुन्हा हरवली असं समजलं. रामभाऊ परत आले. खुंटी जागेवर होती. त्यांनी दांडा उजवीकडे ढकलला.

हॉलमधल्या कोणालाही दोरी ओढण्याचं कारण दिसलं नाही. वर सगळं ठीक चाललं होतं.

मी बारा दिवसांनी रामभाऊंच्या घरी गेलो. ते खाटेवर बसले होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी काही विचारायच्या आधीच बोलू लागले.

“खुंटी दिसली ना मले. खुंटी दिसली म्हंजे मानूस वर. त्यानंच शिकवलं होतं, बाबू. त्यानंच.”

हे वाक्य ते अधूनमधून म्हणत राहिले. मी निघालो तेव्हाही म्हणत होते.

कारखाना तिसऱ्या दिवशी सुरू झाला. चौकशीच्या कागदात मृत्यूचं कारण ‘मृताचा निष्काळजीपणा’ असं दिलं आहे. बोगद्यात उतरण्यापूर्वी त्याने इंजिनघरातल्या माणसाला तोंडी कळवायला हवं होतं, असं पुढे म्हटलं आहे. तोंडी कळवण्याचा नियम आता लावला गेला आहे. दांडा दुसऱ्या खुंटीवर चालतो. दोरी अजून कमळाबाईच्या रेघेवर आहे, पण ती येत्या हंगामापासून वर घेणार आहेत, कारण टोपल्या लागतात. कमळाबाईने मला भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. धुळीने भरल्या आहेत, पण हाताने पुसलं की दिसतात. तिने आपली रेघ डाव्या हाताने पुसून दाखवली आणि पुन्हा कचरा वेचायला बसली.

पार्वतीवहिनींकडे मी दोनदा जाऊन आलो. दाराजवळचा खिळा रिकामा आहे. हंगाम चालू असल्यामुळे या दिवसांत तो एरवीही रिकामाच असायचा, पण त्यांचं तिकडे लक्ष जातं. खुंटी परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी दुसऱ्या दिवशी ठाण्यावर गेलो. प्रकरण मिटेपर्यंत मुद्देमाल देता येत नाही, असं सांगण्यात आलं. मी यादी पाहायला मागितली, ती दाखवण्यात आली. प्रेताच्या अंगावरच्या वस्तूंमध्ये पाच नोंदी आहेत. सदरा, एक. धोतर, एक. रुमाल, एक. चाव्यांचा जुडगा, एक. सदऱ्याच्या खिशात सापडलेल्या वस्तूची नोंद शेवटी आहे. लाकडी तुकडा, एक.